क्रिस्टलवरचा आकडा

परभणीला बी.एस्सी. करताना आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यावर ते आपलं मनगटी घड्याळ लावत. दुसऱ्या कुणाच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता.

शेवटच्या वर्षी मी मायक्रोकंट्रोलर चिपवर चालणारं, आकडे दाखवणारं घड्याळ बनवलं. उद्या परीक्षक येणार, आणि घड्याळ तासाला जवळजवळ पाच मिनिटं मागे पडत होतं. नापास झालो तर वर्ष जाणार होतं.

"टायमरचा आकडा कुठून आणला, साहेब?" मामांनी विचारलं.

"पुस्तकातून."

"पुस्तकात बारा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल हाय. तुमच्या बोर्डावरचा वाचला का?"

तो अकराच्या जरा वरचा निघाला. टायमर क्रिस्टलचे ठरावीक ठोके मोजून सेकंद धरतो; याचे ठोके सावकाश, म्हणून माझा सेकंद लांबत होता.

मामांच्या ड्रॉवरमध्ये बाराचा क्रिस्टल मला दिसत होता. त्यांनी ड्रॉवर लावला आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"हाय त्याच्यावर गणित मांडा. लय अवघड न्हाई."

मी संध्याकाळपर्यंत मांडलं, नवा आकडा टायमरला दिला आणि घड्याळ बरोबर चालू लागलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक समाधानाने गेले. मग मामा माझ्या घड्याळासमोर आले, मनगटावरच्या घड्याळाची चावी बाहेर ओढली आणि माझ्या आकड्यांवरून आपली वेळ लावून घेतली.