व्हर्लिन स्ट्रोप आणि मॅगीच्या ओढ्याचं पाणी

मासे धरायला टॉली नदीचं पाणी कसं आहे असं व्हर्लिन स्ट्रोपला कुणी विचारलं, की तो आधी त्या माणसाला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळायचा. मग म्हणायचा, "आज? छे! परवा बघ." विचारणारा परवाची वाट बघत घरी बसला, की हा आजच होडी पाण्यात लोटायचा. गावातल्या निम्म्या माणसांना त्याने असं परवावर टांगलेलं होतं.

पुढे वरच्या पुलाखाली सरकारी यंत्र बसलं आणि नदीचा प्रवाह ज्याच्या त्याच्या फोनवर दिसू लागला. पाऊस पडला की आकडा चढतो, थांबला की उतरतो. उतरता उतरता पाणी हिरवट होतं, आणि समुद्रातून चढून आलेले स्टीलहेड मासे नेमके तेव्हा गळाला तोंड लावतात. एवढं कळायला व्हर्लिन कशाला हवा? पैसे देऊन त्याच्या होडीतून मासेमारीला जाणारी गिऱ्हाइकं गेली. बायको त्याच्याही आधी गेली होती. मुलगी मार्लिस याकिमाला नर्स आहे. तिच्या लग्नाच्या दिवशी आकडा उतरत होता, म्हणून हा गेलाच नाही. वर तिलाच म्हणाला, "तारीख काढताना नदीला विचारलं होतंत का?"

या फेब्रुवारीत तिचाच फोन आला. "एक दिवस, डॅड. मला एकदा होडीत घे. दिवस तू ठरव, मी रजा टाकते. पण तो फुकट गेला, तर परत फोन करू नकोस."

हे त्यानेच गावातल्या कॅफेत येऊन आम्हाला छाती फुगवून सांगितलं. मग रोज फोन समोर ठेवून आकड्याकडे डोळे लावून बसायचा. गुरुवारी सकाळी त्याने टेबलावर थाप मारली.

"उतरला! शनिवारी नदी काचेसारखी होणार. बोलावतो पोरीला."

पलीकडे डेल्मर बसला होता, लाकडाचा ट्रक चालवणारा. पावासारख्या बिस्किटाने बशीतली ग्रेव्ही पुसता पुसता त्याने आमच्याकडे बघून डोळा मारला. तो पहाटे मॅगीच्या ओढ्यावरून आला होता. तिथला डोंगर झाडं तोडून बोडका केलाय, पावसाने त्याची अख्खी कड ओढ्यात उतरली होती. तो चिखल घेऊन ओढा नदीला मिळतो तो यंत्राच्या खालच्या अंगाला, त्यामुळे यंत्राला त्याचा पत्ताच नाही. व्हर्लिन यायच्या आधीच डेल्मरने हे सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"आणि खालचं रे?" डेल्मर म्हणाला.

"खालचं काय?"

"विचार की. मी आत्ता खालूनच आलो."

आमच्याकडे न विचारता नदीची खबर कुणी देत नाही, आणि व्हर्लिनच्या लेखी विचारणं म्हणजे भीक.

"नदीचं मला तू सांगणार? तुला ती ट्रकच्या काचेतून दिसते, डेल्मर."

"खरंय बाबा. आम्ही आपले परवावाले."

सगळे फिदीफिदी हसले. कॅफेवाली डार्ला तेवढी पुटपुटली, "अरे, पोर पाच तास गाडी मारून येणार. सांगा ना कुणीतरी."

"त्याला तोंड नाही का?" डेल्मर म्हणाला.

शनिवारी मार्लिसची गाडी खालच्या घाटावर ठेवली, व्हर्लिनचा ट्रक वरच्या पुलाशी. वल्ह्यांची होडी प्रवाहाबरोबर खालीच जाते, उलटी येत नाही. वरचं पाणी खरंच सुरेख होतं. दगडाआड एक मासा पाठ दाखवून गेला.

"डॅड, इथे टाकू ना गळ!"

"हे पर्यटकांचं पाणी. तुझ्यासाठी खालचा डोह राखलाय. गप्प बस."

वळण आलं. डाव्या अंगाने मॅगीचा ओढा आला आणि बघता बघता नदीचा नुसता चिखलराडा झाला. वल्ह्याचं पातं पाण्यात गेलं की दिसेना. मागे फिरायची सोय नव्हती. तशा थंडीत, तशा चिखलात दिवसभर ती दोघं वाहत राहिली. तो गळ टाकत होता आणि म्हणत होता, "बोलू नकोस, मासे बिचकतात."

खालच्या घाटावर डेल्मर आणखी दोघांना घेऊन कॉफीचे कप धरून उभा होता.

"किती घावले?"

"दोन. सोडून दिले," व्हर्लिन म्हणाला.

"एकही नाही," मार्लिस म्हणाली. मग तिने डेल्मरकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"गुरुवारपासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"त्याने विचारलं नाही, पोरी."

व्हर्लिनने ओल्या हाताने फोन तिच्यापुढे धरला. "हा बघ, आकडा बरोबर आहे! यात माझी काय चूक? उद्या निवळेल, उद्या आपण..."

"उद्या मला ड्युटी आहे."

तिने अंगातले, त्याने दिलेले छातीपर्यंतचे रबरी बूट उतरवले, घडी करून होडीत ठेवले आणि गाडीत बसली.

"अगं, माझा ट्रक वर राहिलाय. तेवढं मला सोड."

तिने काच खाली केली. "कुणाला तरी विचार, डॅड." आणि गेली.

डेल्मरने आपल्या ट्रकचं दार उघडलं. "चल म्हातारबा. नुसतं म्हण, 'नेतोस का?'"

व्हर्लिनने कॉलर वर केली आणि रस्त्याला लागला. डेल्मर थोडा वेळ त्याच्या मागे माणसाच्या चालीने ट्रक चालवत राहिला, खिडकीतून "अजून विचार, अजून विचार" म्हणत. मग त्याला कंटाळा आला. त्याने वेग घेतला, खड्ड्यातलं पाणी म्हाताऱ्याच्या अंगावर उडवलं आणि पुढे निघून गेला.