धाकूबाबा मोठा की विलास?

आखाड्याच्या मातीला एक वास असतो. ताक, तेल, हळद आणि लिंबू पिऊन ती मऊसूत झालेली असते. तिच्यात घामेजलेल्या देहांची ऊब मिसळली की तो वास असा काही उग्रमधुर होतो, की आवडला की नाही हे नाकाने ठरवायच्या आतच पावलं तिकडे वळतात! आटगाव स्टेशनापासून तासाभराच्या वाटेवर आमचं गाव. माघात आमच्या देवीची जत्रा भरे, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात कुस्त्यांसाठी मातीचा हौदा खणला जाई आणि दुपार कलली की सगळ्या शिवारावर तो वास तरंगू लागे. मी स्वतः आयुष्यात एकही कुस्ती खेळलो नाही. माझे दंड पाहिलेत तर तुम्हाला याचा पुरावा मागावा लागणार नाही. पण कुस्तीवर बोलण्यासाठी दंड लागतातच कुठे?

बोलायची जागा म्हणजे भाताच्या गिरणीचा ओटा. नव्वदच्या दशकात त्या ओट्यावर एकच वाद वर्षानुवर्षं चाले: धाकूबाबा मोठा की विलास? धाकूबाबा आमच्या वडिलांच्या पिढीचा पैलवान. नाचणीची भाकरी खाऊन, बांधावरचे धोंडे उचलून त्याने शरीर कमावलेलं. त्याच्या काळी कुस्तीला घड्याळ नव्हतं. दुपारी लागलेली कुस्ती दिवस मावळेपर्यंत चालली होती, असं ओट्यावरचे वृद्ध डोळे मिटून सांगत. विलास आमच्या पिढीचा. कल्याणच्या तालमीत शिकलेला, दूध-बदामावर पोसलेला, गादीवर आणि मातीवर सारख्याच चपळाईने खेळणारा. डोळ्याचं पातं लवायच्या आत समोरच्याला पाठीवर पाडणारा!

आता मला सांगा, नाचणी आणि बदाम कोणत्या तराजूत तोलायचे? ज्या दोन देहांना काळाने कधी समोरासमोर उभंच केलं नाही, त्यांच्यातला विजेता कोण ठरवणार? पण वाद थांबत नसे, कारण तो मुळी त्या दोघांविषयी नव्हताच. आपण दोन काळांतल्या वीरांची तुलना करतो, तेव्हा आपापल्या तारुण्याचीच वकिली करत असतो. ज्याच्या कुस्तीला आपण गळा फाडून ओरडलो तो मोठा, एवढाच आपला न्याय. मी अर्थातच विलासच्या पक्षात होतो. धाकूबाबा मात्र या वादात कधी पडला नाही. कुणी छेडलंच तर म्हणे, "तवाचा मी आता हाय कुठं रे? कोनाशी लढवता?"

म्हातारपणी धाकूबाबाकडे जोड लावायचं काम आलं होतं. आमच्या आखाड्यात त्या कामाची एक रीत आहे. समोरासमोर येणाऱ्या दोन पैलवानांना जोड लावणारा पाठीला पाठ लावून उभं करतो, खांदे पाहतो, मनगटं धरतो, मग खाली बसून दोघांच्या मांड्या आणि गुडघे हाताने चाचपतो. जोड पटली तर दोघांचे हात एकमेकांत देतो. नाही पटली तर हात सोडून देतो आणि फक्त "जोड नाय" एवढंच म्हणतो. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. कारण उच्चारलं की दोघांतल्या एकाची उणीव चारचौघांत उघडी पडते, म्हणून वाडवडिलांनी हा संयम घालून दिला. किती सुसंस्कृत मौन हे! पण त्या मौनाचा भार किती असतो, हे मला पुढे कळलं.

त्या दशकाच्या अखेरीस विलास तिशी ओलांडून गेला होता. कारखान्यात उभ्याने करायची नोकरी, घरी बायको, दोन लहान मुली. आम्ही दोघं आटगावहून एकाच गाडीने कामाला जायचो. स्टेशनाचा पूल चढताना तो कठड्याला धरून एकेक पायरी घेतो, हे मी पाहिलं होतं. विचारलं तेव्हा म्हणाला, "गुडघा गेलाय. डॉक्टर बोलला, आजून एकदा मुरगळला तर पाय सरळ व्हनार नाय. कोनाला बोलू नको." पण त्या माघात मुरबाडकडचा एक उमदा, तरणा पैलवान येणार होता आणि शेवटची मानाची कुस्ती विलासने धरावी, असा गावाचा हट्ट होता. विलासचाही होता. पाय सरळ न होणं म्हणजे नोकरी जाणं, हे त्यालाही समजत होतं आणि मलाही. तरी तो पैलवानाची लांग चढवून हौद्यात उतरला, आणि तरी मी पुढच्या रांगेत जाऊन बसलो. काय म्हणावं या हौसेला!

धाकूबाबाने दोघांची पाठीला पाठ लावली. खांदे पाहिले, मनगटं धरली. खाली बसला. त्याचा हात विलासच्या डाव्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं. मग तो हळूहळू उठला, दोघांचे हात हातात घेतले, आणि सोडून दिले.

"जोड नाय."

शेतभर गदारोळ उठला. दोघं उंचीला सारखे, अंगाने सारखे, मग जोड का नाही? कुणीतरी ओरडलं, "म्हातारा जळतो रे विलासवर!" ओट्यावरचा सगळा वाद त्या एका वाक्यात उसळून आला. विलास मोठा ठरू नये म्हणून म्हाताऱ्याने डाव साधला, हे सगळ्यांना एकदम पटलं. कुणी मातीची ढेकळं फेकली. धाकूबाबाच्या धोतरावर एक फुटलं. त्याने फक्त एक शब्द उच्चारला असता, 'गुडघा', तर सगळं गाव गप्प झालं असतं. तो बोलला नाही. बोलला असता तर त्या क्षणी विलास पैलवान राहिला नसता. म्हाताऱ्याने धोतर झटकलं आणि रिंगणाबाहेर चालत गेला. विलास मान खाली घालून उभा होता.

पुढच्या वर्षी जोड लावायला दुसऱ्याला बोलावलं. धाकूबाबा पुन्हा आखाड्याकडे फिरकला नाही, आणि तीन-चार पावसाळ्यांनंतर, जळका म्हातारा हे नाव सोबत घेऊनच तो गेला. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं. मोठेपण म्हणजे जिंकलेल्या कुस्त्यांची यादी, असं मी समजत होतो. जिंकता येण्याजोगा वाद जो दुसऱ्यासाठी हरतो, त्याचं मोठेपण ओळखायला मला त्याच्या मरणापर्यंत थांबावं लागलं.

विलासने पुन्हा लांग चढवली नाही. नोकरी टिकली, मुली शिकल्या. काही वर्षांपूर्वी गिरणीच्या ओट्यावर नव्या पोरांनी तोच जुना वाद काढला: दोघं ऐन भरात असताना लढले असते, तर कोण जिंकलं असतं? विलास तिथेच बसला होता, पाय लांब करून.

"लढलो ना आमी," तो म्हणाला. "सगळ्या गावासमोर लढलो. माज्या गुडघ्यावर त्याचा हात थांबला, तवाच मला कळला का हा मला सोडनार नाय. त्याने मला चीत केला. मी चालतो तो त्याच्यामुलं. आन त्याला ढेकळं मारली तवा मी गप उभा ऱ्हायलो. तुमी काय ते ठरवा आता, कोन मोठा."

पोरांनी विलासकडे पाहिलं, मग माझ्याकडे, कारण त्या दिवशी तिथे हजर असलेला आता ओट्यावर दुसरा मीच उरलो होतो. मग मीही सांगून टाकलं: "म्हातारा जळतो" असं आधी कोण ओरडलं ते कुणाला आठवत नाही, पण मला आठवतं. तो मी होतो. आणि गुडघ्याचं मला ठाऊक होतं.