दगूबाईची तहानेली झाडं

रनाळ्याच्या दगूबाईच्या घरी माणसांपेक्षा झाडांचे उपास कडक होते. माणसं एकादशीला उपास करतात; तिच्या एकादशीच्या रांगेतली झाडं फक्त त्या दिवशी पाणी पीत आणि मधले दिवस कोरडे काढीत. पुढे सोमवारची रांग होती, तिला आठवड्यातून एकदा पाणी. तिच्यामागे एकादशीची. मग संकष्टीची, तिला महिन्यातून एकदा. आणि सगळ्यांत मागे, भिंतीला लागून, दिवाळीपासून होळीपर्यंत पाण्याचं नावही न काढणारी रांग. पाटीवर, वहीत कुठे काही लिहिलेलं नव्हतं. पंचांग पाहिलं की कुणाला पाणी द्यायचं ते तिला कळे. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेली बाई, पण आपलं गणित तिनं देवाच्या दिवसांवर बसवलं होतं.

झाडं सगळी काटेरी. निवडुंगाची जात, पण आपल्या बांधावरच्या निवडुंगासारखी एकही नाही. कुणी काकडीसारखं उभं, कुणी म्हाताऱ्याच्या जटांसारखं पांढऱ्या केसांनी झाकलेलं, कुणी बोटाएवढं. काहींना काटे नव्हतेच, नुसती फुगीर, दळदार पानं. ती आली एकावन्न साली. दगूबाईचा नवरा उखा तेव्हा जंगल खात्याच्या साहेबाचं सामान बैलगाडीतून सातपुड्याच्या कँपावर नेई. साहेबाची बदली झाली. एवढ्या कुंड्या पुण्यापर्यंत कोण नेणार, म्हणून त्यानं एकोणीस कुंड्या उखाच्याच गाडीत ठेवून दिल्या.

सासू दारातच आडवी आली. "काटाना झाडे घरमा नको. भांडन लागस."

उखानं त्या मागच्या परसात, शेळ्यांच्या गोठ्यापाशी ठेवल्या. पहिल्या पावसाळ्यात अकरा कुजली. जी आठ वाचली ती वळचणीच्या आत होती, हे दगूबाईनं पाहिलं, आणि पुढचं सगळं तिला तिथेच कळलं. या झाडांना ऊन मारत नाही, उपास मारत नाही. पाणी मारतं.

म्हणून तिनं काचघर बांधलं. लोकांना वाटे, काच म्हणजे साहेबी थाट. तिला काच हवी होती ती पाऊस अडवून उजेड आत घ्यायला. नंदुरबारला कापसाचा एक जुना जिन कारखाना मोडत होते. त्याच्या खिडक्यांची तावदानं नजीर मिस्त्रीनं आणून लाकडी चौकटीत बसवली. छपराला काच, बाजूंना नुसती जाळी, वारा खेळता. वैशाखात वर गोणपाट पसरायचं. मजुरीपोटी दोन हंगाम दगूबाईनं मिस्त्रीच्या घरी शेंगा आणि तूर पोचवली. मिस्त्रीची बायको आयशा म्हणे, "भाभी, लोक गुलाब लावतात, तुम्ही सुया लावता." दगूबाई म्हणे, "गुलाब कोनी बी तोडी लई जास."

माती ती स्वतः मिसळी. नदीची जाड वाळू, फुटक्या विटांचा चुरा, चुलीतला कोळसा, अगदी थोडं जुनं चाळलेलं शेणखत. कुंडीत बोट घातलं तर पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं पाहिजे, दुसऱ्यापर्यंतही कोरडं लागलं तरच पाणी. साहेब पुण्याहून पाकिटातून बी पाठवी, मोहरीहून बारीक. ती परातीत पेरी, वर ओलं फडकं धरी, आणि दोन वर्षांनी हरभऱ्याएवढं रोप झालं की त्याला वेगळी कुंडी देई. दहा वर्षांत आठांच्या दीडशे कुंड्या झाल्या. साहेबाच्या वेळचं एकच झाड सगळ्यांत मोठं झालं. नारळाएवढं आलं होतं, ते घागरीएवढं गोल झालं, अंगभर सोन्यासारखे पिवळे काटे. सकाळी ऊन पडलं की ते पेटल्यासारखं दिसे. तिला मूल नव्हतं. असं कुणी म्हटलं की ती विषय बदली, आणि मग जाऊन त्या झाडावरची धूळ कोंबडीच्या पिसानं झाडी.

एकोणसाठ साली उखा गेला. धाकटा दीर भाईदास घराचा कर्ता झाला. त्याला पुढारी व्हायचं होतं. धुळ्याच्या शेती प्रदर्शनात काही न्यायचं म्हणून बासष्टच्या जानेवारीत तो म्हणाला, "वहिनी, तुन्ही झाडे नेऊ का?" ती हरखली. रात्रभर जागून तिनं चोवीस कुंड्या निवडल्या, प्रत्येक कुंडीला चुना दिला, काट्यांवर कागद गुंडाळले.

पहिलं बक्षीस आलं. चांदीचा पेला आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर नाव भाईदासचं. एवढं ती गिळून गेली असती; सरकारी कागदावर बाईचं नाव येतच कुठे. पण चावडीवर सत्कार झाला तेव्हा ती बायकांच्या मागे उभी होती. शेजारगावचे मोतीलाल पाटील म्हणाले, "भाऊ, एवढ्या कुंड्यांची निगा कोण राखतं?"

भाईदास हसला. "आमनी वहिनी शे ना. ती पानी घालस."

"तुन्हं बरं शे," कुणीतरी म्हणालं, "पानी घालाले बी घरनंच मानूस." आणि सगळे हसले.

दगूबाई डोक्यावरचा पदर सारखा करून घरी आली. त्या दिवशी ती रडली नाही. देवापुढे बसली आणि हात न जोडता म्हणाली, "अकरा वरीस, देवा. पानी घालस म्हने."

पाडव्याला भाईदासनं रस्त्याकडेला बांधलेल्या सिमेंटच्या घराची वास्तुशांत केली. ओसरी मोठी, पण उघडी बोडकी दिसत होती. दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन परसात आला. "मोठमोठी साठेक कुंड्या लई जास. लोके येतीन, देखतीन. घरनीच ते शेतस. वाहरूले सांगी देसू, रोज पानी घाली."

वाहरू म्हणजे त्याचा सालदार, पिकाला पाणी भरण्यात पटाईत.

रोज. हा एक शब्द दगूबाईच्या कानात खिळ्यासारखा बसला. तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. भाईदास उभा होता, विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही. तो बैलांच्या शेपट्या पिरगाळत होता. कुंड्या भरताना सोमवारची रांग आणि मागची उपाशी रांग एकमेकींत मिसळली, पिवळ्या काट्यांची घागर सगळ्यांत वर ठेवली गेली.

"काही सांगनं शे का?" जाता जाता त्यानं विचारलं, पण बैलांना हाकत, तिच्याकडे न पाहता.

"लई जाय," ती म्हणाली.

त्या रात्री तिनं नवस केला. देवीला खण-नारळ नव्हे. तिनं जिभेचा नवस केला. पाणी घालण्याचं कसब त्याला स्वस्त वाटतं, तर ते त्याला फुकट मिळायचं नाही. बोलायचं नाही.

वैशाख लागला. आमच्या भागात वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात. तिवईवर मडकं, मडक्याला बारीक भोक, भोकात दर्भाची वात. थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहतं, देवाला उन्हाळा लागू नये म्हणून. दगूबाई देवळात निघाली होती. भाईदासच्या ओसरीवरून जाताना तिचे पाय थांबले. त्या सोनेरी गोल झाडाला गंध लावलेलं होतं, वर बेलाचं पान होतं, आणि तिवईवरच्या मडक्यातून थेंब पडत होते. बरोब्बर माथ्यावर, जिथे मऊ पांढरा कापूस असतो, तिथे.

भाईदासची बायको वत्सलाबाई बाहेर आली. साधी बाई. या सगळ्यात तिचा काही दोष नव्हता, हे दगूबाईला तेव्हाही माहीत होतं.

"बाई, देखा ना," ती आनंदानं म्हणाली, "साक्षात पिंड शे. मी गळती लाई. आख्खा वैशाख चालावसू. बराबर करं ना मी?"

थेंब पडला. दगूबाईनं आणखी एक पडताना पाहिला. तिच्या तोंडाशी शब्द आला होता. एवढंच म्हणायचं होतं, काढ गं ते, मरेल. अकरा वर्षं पिसानं झाडलेलं ते झाड तिच्याकडे पाहत होतं असं तिला वाटलं. पण ओसरीच्या भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं होतं, नव्या काचेत, आणि त्यावरचं नाव तिला वाचता येत होतं.

"देवले पानी वाहेल कधी चुकस का?" ती म्हणाली आणि चालू लागली.

देवळात तिनं खऱ्या पिंडीवरचं मडकं भरलं. पुजारी म्हणाला, आज काठोकाठ भरलंत. ती म्हणाली, ऊन फार. महिनाभर ती रोज त्या वाटेनं गेली. दुसरी वाट होती, जवळची. तिनं ती घेतली नाही. रोज तिनं झाडाकडे पाहिलं. बाहेरून ते तसंच सोनेरी होतं. बुडाशी मात्र एक पिवळट डाग वर चढत होता, आणि तो फक्त तिलाच दिसत होता. बाकीच्या कुंड्यांत वाहरू रोज घागरीनं पाणी ओतत होता. दगूबाईला झोप चांगली लागू लागली.

ज्येष्ठात पंचायत समितीच्या निवडणुकीची माणसं भाईदासकडे बैठकीला आली. मोतीलाल पाटील होते, खापर गावचे दोघे व्यापारी होते, गावातले ओसरीखाली उभे होते. दगूबाईही होती; बोलावणं नव्हतं, पण ती आली. भाईदासनं पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं. पाहुण्यांना हार घालायचा तो बक्षिसाच्या झाडाशेजारी, म्हणून त्यानं हाताला गोणपाट गुंडाळून झाड कुंडीसकट पुढे ओढायला अंगाशी धरलं.

त्याचा हात आत गेला. वरचं सोनेरी कवच नुसतं सालीसारखं उरलं होतं. फसकन ते बसलं आणि आतलं तपकिरी, नासलेलं पाणी त्याच्या छातीवरून धोतरावर ओघळलं. मेलेल्या उंदरासारखा वास सुटला. खापरच्या व्यापाऱ्यांनी उपरणी नाकाला लावली.

"भाईदासभाऊ, देव पावना तुले," मोतीलाल पाटील म्हणाले. "आंगवर उतरना."

हशा चावडीपर्यंत गेला असेल. हार पाहुण्यांच्या हातातच राहिले. वत्सलाबाई दारात उभी होती, तिचा चेहरा राखेसारखा झाला. दगूबाई हसली नाही. ती फक्त भाईदासकडे पाहत राहिली, त्यानं वर पाहीपर्यंत. मग ती घरी गेली.

चौथ्या दिवशी तो परसात आला. काचघराच्या दाराशी उभा राहिला. आत येऊ का, असं पहिल्यांदाच विचारलं.

"वहिनी, बाकीना बी जाई ऱ्हायनात. काय करनं ते सांग."

"माले काय इचारस? मी ते पानी घालनारी."

तो कुंड्यांकडे पाहत होता. गावात त्याला आता लोक काय म्हणत होते ते दोघांनाही ठाऊक होतं.

"झाडे परत आन," दगूबाई म्हणाली. "एकेक. तुन्हा हातवर. गाडी नको, वाहरू नको. दिवसना उजाळामा, चावडीवरथीन. कोनी इचारं ते सरळ सांगनं, वहिनीना शेतस."

"लोके काय म्हनतीन?"

"जे म्हनतीन ते आइक. मी बी आइकं."

त्यानं तीन दिवस कुंड्या वाहिल्या. चावडीवरचे विचारत, "काय भाऊ, बिऱ्हाड हालावस का?" पहिल्या दिवशी तो पुटपुटे. दगूबाई काचघराच्या दाराशी बसून विचारी, "काय सांगं?" आणि उत्तर पुटपुटलेलं असलं की म्हणे, "आइकू नही उनं मले. परत जाई सांगी ये." दुसऱ्या दिवसापासून तो स्पष्ट बोलू लागला. ओढताना, उचलताना काटे शिरत. निवडुंगाचे बारीक काटे, केसांसारखे, दिसत नाहीत आणि निघत नाहीत. त्याचे तळवे सुजले. दगूबाईकडे चिमटा होता, पितळी, कायम कमरेला. तिनं तो काढला नाही.

साठांतली बेचाळीस आली. उरलेल्यांची मुळं, खोडं सगळी गेली होती. आलेल्यांतली कुजकी ती विळ्यानं कापून काढी, चांगला भाग दिसेपर्यंत, मग कापावर कोळशाची पूड लावी आणि सावलीत उलटी ठेवून देई. महिनाभर माती नाही, पाणी नाही. भाईदासला तिनं समोर बसवून ते पाहायला लावलं. शिकवलं मात्र काही नाही.

शेवटची कुंडी वत्सलाबाईनं आणली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुंडी खाली ठेवून ती उभीच राहिली.

"बाई, तुमले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"मी इचारं तव्हयबी?"

"तव्हयबी."

"मी देव समजीसन पानी वाहं."

दगूबाईच्या हातातला विळा थांबला. मग ती म्हणाली, "तुन्हं पानी देवले पोचनं, वत्सला. झाड मन्हं व्हतं."

वत्सलाबाई गेली. पुन्हा त्या परसात ती आली नाही. पुढे कितीतरी वर्षं दोघी जावा एकाच कीर्तनाला येत, एकाच सतरंजीवर बसत, आणि मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडत. पुढच्या प्रदर्शनाला कुंड्या गेल्या त्या दगूबाईच्या नावानं, गाडी भाईदासनंच हाकली, आणि तिथे बक्षीस आलं की नाही हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

म्हातारपणी ती रोज संध्याकाळी जप करी. माळ संपली की एक एक नाव घेऊन क्षमा मागी: सासूचं, उखाचं, आयशाचं, वत्सलाबाईचं. वत्सलाबाईच्या नावापाशी ती फार वेळ थांबे. भाईदासचं नाव ती घेत नसे. मी त्या वेळी तिच्यापाशी बसायला जाई; एकदा विचारलं, तर म्हणाली, "त्यानी आजून कोठे मांगी शे?"