तिसरं तिकीट

आधीच सांगते, मी भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं चटणी कांडपाचं दुकान आहे. दिवसभर मशीनच्या दणक्यात आणि मिरचीच्या ठसक्यात उभी असते. तिथं भूत आलंच तर आधी त्यालाच शिंका येतील. तरीही लिहायला बसले, कारण या सदरातले अनुभव वाचून माझी मुलगी पल्लवी मागे लागली — "आई, माझा अनुभव लिही की." अनुभव तिचा नाही, माझा आहे. ती तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिला त्यातलं फारसं आठवतही नाही.

साल दोन हजार दोन किंवा तीन. एप्रिल महिना, म्हणजे चटणीचा ऐन सीझन. मिस्टर आणि धाकटे दीर दोघेही कागलच्या एमआयडीसीत कामाला, त्यामुळे दुकान मी आणि माझी धाकटी जाऊ महादेवी बघायचो. महादेवी निपाणीकडची. मला अक्का म्हणते आणि तिकडच्या बायकांसारखं 'मी आलो, मी गेलो' असं बोलते. आवाज असा की मशीन चालू असतानाही गल्लीच्या टोकाला ऐकू जावा.

सोमवारी मशीन बंद. त्या दिवशी आम्ही दोघी तीन ते सहाचा शो गाठायचो. थिएटर जुनं, खुर्च्यांचे स्प्रिंग वर आलेले, आणि तिथं बहुतेक वेळा भुताचेच पिक्चर लागायचे. आम्हाला तेच हवे असायचे. जुना बंगला, कंदील घेऊन फिरणारा रखवालदार, पांढऱ्या साडीतली बाई, "उधर मत जाना साब" म्हटलं की नेमका तिकडंच जाणारा हिरो... सगळं ठरल्याप्रमाणं आलं की जीव कसा गार होतो. चटणीत काय काय पडतं ते मला झोपेत विचारलं तरी सांगेन, म्हणून काही मी चटणी खायची सोडत नाही. तसंच हे.

आमचा एक खेळ होता. पुढचं काय ते आधी ओळखायचं आणि मोठ्यानं सांगायचं. महादेवी त्यात पटाईत. बोलायच्या आधी मला कोपरानं ढोसायची आणि मग म्हणायची, "आता नळाला रगात येणार!" आणि यायचंच. मागच्या रांगेतली माणसं ओरडायची, "वैनी, म्होरं काय?" दारावरचे बापू तर म्हणायचे, "वैनी, तुमी असला की मला पिक्चर बगायची गरजच न्हाय."

आणि एक गोष्ट दर पिक्चरमध्ये असायचीच. बाई एकटी चालली आहे, मागून कोणीतरी तिच्या नावानं हाक मारतं... ती वळली की संपली. तेव्हा अख्खं थिएटर पडद्यावरच्या बाईला ओरडून सांगायचं — "वळू नगंस, बाई!" त्यात आमचे दोन आवाज सगळ्यात मोठे. ती वळायचीच. मी महादेवीला म्हणायचे, "एवढी कशी गं बिनडोक? हाक आली तर आली. सरळ चालायचं की."

त्या सोमवारी मात्र महादेवीचा अंदाज साफ चुकायला लागला. पहिल्यांदा कोपर बसलं — "आता मांजर आरसा पाडणार." पडद्यावर गाणं सुरू झालं. मग — "फोन वाजणार, पलीकडं नुसता श्वास." त्या बंगल्यात फोनच नव्हता. मग — "लाईट जाणार." लाईट मख्खपणे चालूच. थिएटरात हशा. "वैनी, आज फॉर्म गेला की वं!"

इंटर्व्हलमध्ये तिनं भडंग आणलं. पुन्हा अंधार झाला. थोड्या वेळानं परत कोपर बसलं आणि ती म्हणाली, "आता पोरगी आत... आणि कडी बाहेरनं."

लोक खो-खो हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "वैनी, पिक्चरमदी पोरगीच न्हाय की!" खरंच नव्हती. नवरा-बायको, रखवालदार आणि एक मांत्रिक, एवढीच माणसं. मीही हसले. लगेच पुन्हा कोपर लागलं. या वेळी आवाज जरा खाली होता.

"मागनं हाक येणार. आणि थोरली वळणार."

थोरली कोण, असं विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावर कवटी फुटली आणि सगळे किंचाळले. राहून गेलं.

मंगळवारी सकाळी मांजरानं बेसिनवरचा आरसा पाडला. मिस्टर अर्धी दाढी साबणात घेऊन ओरडत होते. महादेवी हसून म्हणाली, "बगा अक्का, एक दिवस उशिरा का हुईना, आलं की न्हाय?" मीही हसले. आमच्या गल्लीत अकरा मांजरं. त्यातलं एखादं काहीतरी पाडणारच.

बुधवारी फोन वाजला. मीच उचलला. पलीकडं कोणी बोलेना. नुसता श्वास... धाप लागल्यासारखा. "कोण बोलतंय?" दोनदा विचारलं आणि ठेवून दिला. राँग नंबर रोजच यायचे. महादेवीला सांगितलं नाही.

गुरुवारी महादेवी पहाटेच्या एसटीनं आईला घेऊन नृसिंहवाडीला गेली. दुकानात मी आणि आमच्याकडं कामाला येणाऱ्या हौसाबाई.

इथं दुकानाची रचना सांगायला हवी. पुढं मशीन — लोखंडी मुसळं खलात धाडधाड आपटतात, शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. मागं मिरचीची पोती ठेवायची खोली. मशीन सुरू करायच्या आधी त्या खोलीचं दार ओढून बाहेरून कडी घालायची, ही आमची पद्धत. नाहीतर वाऱ्यानं आतली भुकटी उडते आणि गल्लीभर ठसका. शेजारी भांडायला येतात. कडी घालताना आत कोणी बघत नाही. पोत्यांच्या खोलीत कोण जाणार? पल्लवीला तर सक्त मनाई होती, कारण तिला लहानपणापासून दमा.

दुपारी दोनच्या सुमाराला लाईट गेली. मशीन थांबलं. कानाला एकदम दडा बसल्यासारखी शांतता. आरसा, फोन, लाईट. चौथं काय होतं?

"हौसाबाई, पल्लवी कुठाय?"

"पोरींसंगं लपाछपी खेळतीया न्हवं का बाहीर. मगाशीच बगितली की."

मला माझाच राग आला. मांजरं गल्लीत अकरा, लाईट आठवड्यातून चार वेळा जाते. पिक्चर बघून डोकं फिरायला मी काय कॉलेजातली पोरगी आहे? एका गिऱ्हाइकाची चटणी पोचवायची होती. पिशवी उचलली आणि निघाले.

गल्लीच्या टोकाला पोचले आणि मागून हाक आली.

"अक्का!"

महादेवीचा आवाज. शंभर टक्के तिचा. भर दुपार, रस्त्यावर लख्ख ऊन, आणि महादेवी तिकडं वाडीला. माझे पाय थांबले, पण मान वळेना. अख्खं थिएटर ओरडल्यासारखं डोक्यात वाजत होतं — वळू नगंस, बाई. मी एक पाऊल पुढं टाकलं. खरंच टाकलं.

"अक्का!"

मग आठवलं — 'थोरली वळणार.' माहेरच्या बहिणी सोडल्या तर महादेवीसाठी थोरली एकच. मी.

मी वळले.

मागं कोणी नव्हतं. रिकामी गल्ली. फक्त विजेच्या खांबापाशी शेजारच्या दोन मुली उभ्या होत्या, घामाघूम. मला बघून म्हणाल्या, "काकू, पल्लवी कुठं लपलीया? लई वेळ झाला, सापडंना. आता आमी हरलो म्हणून सांगा की तिला."

पिशवी तिथंच टाकून मी पळाले. हौसाबाई "काय झालं, काय झालं" करत मागं. मी कडी काढली.

पोत्यांच्या मागं पल्लवी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओठ निळे. डोळे उघडे, पण माझ्याकडं बघत नव्हती. श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज... तोच, फोनवरचा. दारावर आतून लाल हातांचे ठसे होते. पोर दार बडवत होती आणि आम्ही बाहेर मुसळं चालवत होतो.

तिला उचलून रिक्षात घातलं. डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडं. त्यांनी मास्क लावला, इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं ओठांना रंग आला, तेव्हा ते मला म्हणाले, "मिरची तरी ठेवा, नाहीतर पोरगी तरी ठेवा. दोन्ही एका जागी नको." मी मान हलवली. रडले नाही. रडायला बसले असते तर उठले नसते.

संध्याकाळी महादेवी वाडीचे पेढे घेऊन आली. सगळं ऐकून आधी पल्लवीला जवळ घेऊन बसली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तू चौथं बोललीस ते तुला कसं कळलं?"

"कसलं चौथं?"

"पोरगी आत, कडी बाहेरनं. आणि हाक येणार म्हणालीस."

"अक्का, मी तीनच बोललो की. आरसा, फोन, लाईट. इंटर्व्हलनंतर मी जाग्यावर कुठं हुतो? भडंग सादळलं हुतं, ते बदलाय गेलतो. त्यो बाबा बदलून देईना, त्याच्याशी भांडत बसलो. आलो तवा कवटी फुटून गेलती. तुमच्या हातात कुरकुरीत पुडा दिला न्हवं का?"

दिला होता. तो पुडा मला आठवत होता. अंधारात ती कधी उठली आणि कधी बसली, ते मात्र अजिबात आठवत नव्हतं.

पुढच्या सोमवारी आम्ही बापूंना विचारलं. ते म्हणाले, "व्हय की. मीच दार उघडून सोडलं वैनींना. पंधरा मिनिटं भांडत हुत्या. निम्मं थिएटर ऐकत असंल." पण निम्म्या थिएटरनं तर "पोरगी आत" हेही ऐकलं होतं, आणि हसलंही होतं.

मी माझ्या परीनं विचार करून बघितला. दुसरी कोणी बाई येऊन बसली असेल. असेल. पण तिचा आवाज महादेवीचा कसा? कोपर बरगडीच्या त्याच जागी कसं? गल्लीतली हाक भासही असेल, मनात भीती होतीच. पण फोनवरचा श्वास बुधवारचा होता, आणि पोरगी गुरुवारी अडकली. मिरचीची खोली त्याच आठवड्यात हलवली आणि कडीची पद्धत कायमची बंद केली. माझ्या हातात तेवढंच होतं.

पिक्चर आम्ही सोडले नाहीत. थिएटर बंद पडेपर्यंत दर सोमवारी गेलो, खेळही खेळलो. मी पैशाला जपून असणारी बाई आहे, सादळलेलं भडंगसुद्धा बदलून घेणाऱ्यातली. पण त्या दिवसापासून आम्ही तीन तिकिटं काढायचो. एका खुर्चीवर महादेवी, एकीवर मी, मधली मोकळी.

बापूंनी एकदाच विचारलं, "तिसरं कोण यायचं ऱ्हायलंय, वैनी?"

मी म्हटलं, "आलंय. तुमी दार लावा."