मुरमाची ट्रॉली

आठवडी बाजारात डोक्यावरची पाटी उतरवून मेथी विकायला बसले, तेव्हा मला वजनकाटाही नीट धरता येत नव्हता. तिथून स्वतःचं किराणा दुकान, राहुरीच्या कडेला घर आणि घरामागं मोकळं परस, इथवर मी आले ती कुणाच्या गोड बोलण्याला भुलून नाही. तरी एका ट्रॅक्टरवाल्यानं मला फसवलं. त्याचा राग अजून आहे.

आमच्या परसातली जमीन चिवट, पांढरी. भाजी करायची तर वरून माती टाकायलाच हवी. उन्हाळ्याच्या तोंडाला तलाव आटले की त्यांच्या तळाचा काळा गाळ लोक ट्रॉल्या भरून शेतात नेतात. शेजारच्या गावचा एक जण घरपोच गाळ टाकायचा. त्याच्याशी मी दारात तासभर घासाघीस केली. दोनदा तो ट्रॅक्टर चालू करून निघाला, दोनदा परत आला. शेवटी मी सांगितलेल्या भावाला तयार झाला, तेव्हा आमचे हे खिडकीतून म्हणाले, "अगं, त्याला डिझेलपुरतं तरी सोड."

मी सोडलं नाही.

ट्रॉली खाली झाली तेव्हा मी दुकानात होते. संध्याकाळी येऊन पाहिलं, तर परसाच्या मधोमध काळ्याभोर मातीचा उंच वाफा. ओंजळीत घेऊन वास घेतला आणि त्याच पावली गवार-भेंडीचं बी भिजत घातलं.

होळी नुकतीच झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून अंगाची लाही, चारच्या सुमाराला एकदम आभाळ काळं, आणि अर्धा तास सरींवर सरी. पाऊस थांबल्यावर मागचं दार उघडलं. काळी माती कुंपणाखालून वाहून चालली होती आणि वाफ्याच्या जागी तांबडा मुरूम उघडा पडला होता, मुठीएवढ्या गोट्यांसकट. गाळ नुसता वरून पसरलेला, चार बोटं.

तिथूनच फोन लावला. "तुझा मुरूम उचल आणि गाळ आणून टाक."

"आक्का, त्या भावात जेवढा गाळ येतो तेवढा आला."

"मग सौदा करायचा नव्हता."

"तुमी करू दिला का दुसरा?"

मी फोन ठेवला आणि कामाला लागले. पिठाच्या चक्कीवर सांगितलं, दूध डेअरीवर सांगितलं, दुकानात तेल घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं. तो रोज उद्या येतो म्हणायचा. भिजवलेलं बी कुजलं, ते उकिरड्यावर टाकताना मला रडू आलं, रागानं.

आठवडाभरानं मुरमात अजून किती गाळ शिल्लक आहे ते बघायला गेले आणि माझा उचललेला पाय वरच राहिला. टाचेपासून वीतभरावर खड्यांमध्ये एक अंडं होतं. मातकट, वर काळे डाग, खड्यांत खडा वाटावा असं. तेवढ्यात डोक्यावर टिटवीनं ओरडून आकाशपाताळ एक केलं. पिवळ्या लांब काड्यांसारखे पाय मागं ताणून ती थेट माझ्या कपाळावर यायची आणि अगदी शेवटच्या क्षणी वळायची. बाजारात मी भल्याभल्यांना हटवलं आहे. त्या पाखरानं मला माझ्याच परसातून पदर सावरत पळवलं.

पाच-सहा दिवसांत चार अंडी झाली. चारी टोकं आत, फुलासारखी मांडलेली. घरटं म्हणावं असं काहीच नाही, नुसते खडे. तलावातला मऊ गाळ असता तर ती तिथं फिरकलीही नसती, हे मला कळत होतं. ते कबूल करायचं नव्हतं, एवढंच.

माझा दिवस आता पहाटे मागच्या खिडकीपाशी सुरू व्हायचा. ह्यांनी तिथं दोन खुर्च्या आणून ठेवल्या. ऊन तापलं की टिटवी उठायची, मी पाणी भरून ठेवलेल्या परातीत बसून पोटाची पिसं भिजवायची आणि ओल्या पोटानं परत अंड्यांवर बसायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ह्यांचा हात इतका घट्ट धरला की ते ओरडले. मांजर कुंपणावर दिसलं की मी लाटणं घेऊन धावायची. मग टिटवी मांजराला सोडून माझ्यावरच यायची.

अंड्यांना दोन आठवडे होत आले आणि एका ढगाळ दुपारी दारात ट्रॅक्टर थांबला. भरलेली ट्रॉली, दोन गडी, फावडी.

"आलो बघा आक्का. चाळून गाळ आणलाय. मुरूम उचलतो अन् मोकळा होतो. लई बदनामी केली तुमी. पोरीच्या सासरी इचारत्यात, तुमचा बाप दगड इकतो का म्हणून."

ह्याच क्षणासाठी मी महिनाभर भांडले होते. मी मागच्या दारात आडवी उभी राहिले. "मुरूम राहू दे."

"आता ह्यो काय नवा डाव?"

टिटवी ओरडत वर गेली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग मुरमाकडं, आणि गड्यांना हातानंच थांबवलं. "किती हायत?"

"चार."

तो दुरूनच उकिडवा बसला. "उंचवट्याव घातलीत. औंदा पाऊस बरा हुईल." मग उठून त्यानं कमरेवर हात ठेवले. "पर मी डिझेल जाळून आलो. उद्या परत चक्कीवर म्हनाल, मुरूम टाकला."

"म्हणणारच. टाकलासच तू."

"मंग उचलतो."

"उचलून दाखव."

गडी हसले. तोही हसला, पण हटला नाही. त्याच्या हातात फावडं होतं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. अशा जागी मी इतक्या वर्षांत कधी उभी राहिले नव्हते.

"एक करा," तो म्हणाला. "चक्कीवर सांगा, मानसानं गाळ आनून दिला, अन् मुरूम आमीच ठिवून घेतला. खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. तेच तर झोंबत होतं.

"एवढंच सांगीन," मी म्हटलं. "फसवलं नाही असं सांगणार नाही."

"ते मी कुटं म्हन्तोय."

ट्रॅक्टर आत घेतला नाही. गड्यांनी घमेल्यांनी गाळ वाहून भिंतीच्या कडेला टाकला, आणि मी स्वतः हातानं पसरून त्यात गवारीचं नवं बी लावलं.

ते गेले आणि संध्याकाळी वारा सुटला. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग पत्र्यावर ताशा वाजावा तशा गारा, बोराएवढ्या. मी पाटी घेऊन निघाले, टिटवीवर आडोसा करायला. ह्यांनी दंड धरला. "तू गेलीस तर ती उठेल. उठली तर अंडी फुटतील." माझ्या संसारात मी ह्यांचं ऐकलं असे प्रसंग मोजके आहेत. दारात पाटी धरून उभी राहिले. गारा तिच्या पाठीवर आपटत होत्या. तिनं पंख थोडे पसरले, मान आत घेतली, आणि हलली नाही.

गारा थांबल्यावर सगळं परस पांढरं झालं होतं. ती उठून पिसं झटकू लागली. ती बसली होती तेवढीच जागा कोरडी, आणि तिथं चार अंडी.

फोन वाजला. ट्रॅक्टरवाला. "आक्का, अंडी?"

"आहेत."

"चारी?"

"चारी. आणि तुझा गाळ वाहिला नाही."

मी फोन ठेवला.

पुढं दोन आठवड्यांनी सकाळी खिडकीशी गेले तर मुरमावर तीन खडे चालत होते. चौथं अंडं दुपारी फुटलं. कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं, पाय मात्र आईसारखे लांब, आणि सुकल्या सुकल्या पळायला लागलेली. मी आमच्या लेकीच्या आधी त्याला फोन केला. तो येऊन कुंपणाबाहेर उभा राहिला, चहा तिथंच घेतला. टिटवी आता चौघांना घेऊन भिंतीकडच्या गाळात आली होती, नुकत्या वर आलेल्या गवारीच्या ओळीत. पिल्लं किडे टिपत होती.

"मुरूम मोकळा झाला," तो म्हणाला. "न्हेऊ का?"

"हात लावू नकोस. पुढच्या वर्षी ती कुठं जाईल?"

"अन् चक्कीवर सांगितलं का?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. आधी काय टाकलं होतंस तेसुद्धा."

त्यानं कप कुंपणाच्या खांबावर ठेवला. "अजून एक ट्रॉली मुरूम लागला तर सांगा," म्हणाला, आणि ट्रॅक्टर चालू केला.