खिडकीपाशी थांबलेली टकटक

मी बी.ई. सिव्हिल. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट — हे आजही छाती फुगवून सांगतो. भूत, करणी, बाहेरचं... असलं कुणी बोलायला लागलं की मी उठून जायचो. त्यामुळे हे लिहिताना भीती कमी, लाजच जास्त वाटतेय.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. वणीला एका वैद्यांचं दीडशे वर्षांचं घर होतं. ते पाडायचं नाही, जसंच्या तसं दुरुस्त करून तिथे वाचनालय करायचं असं ठरलेलं. मी साइट इंजिनिअर. मातीच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा. चुन्याचं काम येणारा माणूस मीच आणला — नाना, माझे सख्खे चुलते. वडील नांदगावला शेतीत. इंजिनिअरिंगची चारही वर्षं मी नाशिकला नानांच्याच दोन खोल्यांत काढली होती.

नाना रोज जेवण झालं की भिंत ठोकत फिरायचे. बोटाच्या पेराने दोनदा टकटक, वीतभर पुढे, पुन्हा दोनदा. भद्द आवाज आला की समजायचं, तिथला गिलावा भिंतीपासून सुटलाय. खिडकीजवळ तसा एक पट्टा निघाला. तो त्यांनी खरवडला आणि नवा चुना भिजत घातला.

"किती दिवस लागतील?"

"मुरंल तवा मुरंल."

"नाना, नवरात्रात उद्घाटन आहे. सिमेंट मारू."

"मातीच्या भिंतीला शिमिट? तापातल्या माणसाला रेनकोट घालतो का रं?"

त्याच आठवड्यात पुण्याहून आर्किटेक्ट मॅडम आल्या. मी आणि नाना एकाच डब्यातून जेवत होतो. मॅडमनी सहज विचारलं, "हे कोण?" मी उठलो, हात पँटला पुसले आणि म्हणालो, "मिस्त्री आहे. जुना माणूस, म्हणून ठेवलाय."

का बोललो असं? त्यांचं मळकं धोतर, चुन्याने फुटलेले हात... आणि मी इंग्रजीत रिपोर्ट देणारा! एवढंच कारण. दुसरं नाही.

नानांनी डब्याला झाकण लावलं. संध्याकाळी थापी धुऊन पिशवीत टाकली. "सायेब, येतो," म्हणाले. मला. सायेब.

ते नाशिकला निघून गेले, आणि दुसऱ्याच दिवशी मी दोन मजूर लावून तो पट्टा सिमेंटने भरून घेतला. वरून चुन्याचा हात. कुणाला ओळखू येणार नाही असा.

तीनेक आठवड्यांनी, घट बसायच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला मी त्या खोलीत एकटाच ड्रॉइंग बघत होतो. टकटक. मग वीतभर पुढे... टकटक. बाहेरून कुणी ठोकत असेल म्हणून गेलो. कामावरच्या सखूबाई घमेली धूत होत्या.

"भिंत कोण ठोकतंय?"

"आत तर तुमीच व्हते ना! मी म्हणलं, सायेब नानांची नक्कल करून राह्यले."

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. दोघं आत आलो. खोलीत कुणी नाही, आणि आवाज भिंतीवरून सरकत सरकत खिडकीपाशी गेला. भद्द... भद्द. मग बंद.

सखूबाई म्हणाल्या, "काय करून ठेवलंय तिथं? फोडा आधी."

फोडलं. सिमेंटमागे ओल कोंडून आतली माती मळलेल्या कणकेसारखी झालेली, खिडकीवरच्या लाकडाचं टोक काळं पडलेलं. पुढच्या पावसाळ्यात तो भाग कुणाच्या तरी डोक्यावर आला असता. उद्घाटन पुढे ढकललं. नानांनी भिजत घातलेला चुना तोवर लोण्यासारखा मुरला होता, तोच वापरला.

दिवाळीत नाशिकला गेलो. नाना बाहेर गेलेले. काकू चकल्या तळता तळता हसत म्हणाल्या, "तुझ्या नानाला येड लागलंय. घटाच्या आदल्या दिवशी जेवून उठले नि आपल्याच घराची भिंत ठोकत बसले! म्हणलं, अवो, करता काय? तर म्हणे, पोरानं खिडकीपाशी शिमिट भरलं."

त्यांच्याकडे फोन नव्हता. वणीहून कुणी आलेलं नव्हतं. मी स्वतः तर चार लोकांना सांगायलाही लाजत होतो.

तेवढ्यात नाना आले. "कधी आलास?" म्हणाले. प्रश्न माझ्या ओठावर होता — नाना, तुम्हाला कसं कळलं? पण तो विचारायचा तर आधी माफी मागावी लागली असती. मी चहा प्यालो आणि क्रिकेटबद्दल बोललो.

नाना दोन हजार चार साली गेले. भिंत अजून ठणठणीत आहे. यामागे काय असेल असं लोक मला विचारतात. मला माहीत नाही. ज्यांना माहीत होतं, त्यांच्यासमोर मी सहा दिवाळ्या जेवायला बसलो... आणि विचारलं नाही.