आंगा आत येईना

पहिलेच सांगून टाकतो, मी देव-भूत काही मानत नाही. आमच्या घरातले देव छप्पन सालच्या धर्मांतरातच बाहेर गेले, आणि त्या घरातून बी.ए. झालेला पहिला माणूस मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. परदेशात जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथं आपल्या सरकारचं दालन होतं. ते आटोपल्यावर आपल्या भागातल्या वस्तू परत आणून चंद्रपुरात कायमचं संग्रहालय करायचं ठरलं. मी तिथं कंत्राटी सहायक. संध्याकाळी मोठे साहेब पाहणीला येणार होते. तोवर सगळं जागेवर हवं, नाहीतर कंत्राट संपलं समजा — असं मला तोंडावर सांगितलं होतं.

शेवटच्या पेटीत आंगा होता. आंगा म्हणजे लाकडी ओंडक्यांचा देव, चौघं खांद्यावर नेतात. लोक त्याला प्रश्न विचारतात — पुढं ओढलं तर हो, मागं रेटलं तर नाही. आमचा मात्र निव्वळ नमुना! एटापल्लीकडचे दोगे नावाचे एक आदिवासी कारागीर आहेत; त्या दोगेभाऊंनी तो प्रदर्शनासाठी ऊर्जानगरच्या एका शेडमध्ये घडवला होता. पूजा नाही, काही नाही.

चार हमालांनी उचलला. दारापाशी आले अन् उलटे फिरले. पुन्हा तेच.

"काऊन रे, नाटक करून राह्यले का?" मी ओरडलो.

"नाई ना सर! तुमी लावा खांदा, मंग समजन."

"तिकडच्या एसीची सवय लागली त्याले," दुसरा हसला.

एकाला बाजूला केलं अन् लावला खांदा. भर दुपार, लख्ख ऊन. दारात पाय टाकला — आणि माझेच पाय मागं! छातीवर हात ठेवून सांगतो, मी पुढंच रेटत होतो.

जोडणीसाठी बोलावलेले दोगेभाऊ तिथंच उभे होते. म्हणाले, "विचारा त्याले."

मी चिडून विचारलं, "आत येतो का?" मागं.

"घरी जातो का?" असं पुढं ओढलं की समोरचे दोघं पडता पडता वाचले.

"कोणतं घर, भाऊ? हा तर शेडमधी बनला," मी म्हणालो.

"तेच तर ना. त्याले गाव कुठी आहे!"

मग कुठं जायचं ते विचारायला दोगेभाऊंनी स्वतःच्या गावाचं नाव घेतलं. आंगा हलला नाही. हमालांनी आपापली गावं घेतली. तरी नाही. फक्त माझ्या खांद्यावर लाकूड थरथरत होतं, जुंपलेल्या बैलाची कातडी थरथरते तसं.

"बाबू, आता तुह्या गावाचं नाव घे," दोगेभाऊ म्हणाले.

मी खांदा काढून घेतला. ट्रॉली मागवली. ट्रॉलीवरून तो मुकाट्यानं आत गेला, कपाट जावं तसा. साहेब खूश झाले, कंत्राट वाढलं. आंगा आता काचेमागं आहे.

आमच्या कॉलेजचे एक सर म्हणतात, चौघांचे खांदे नकळत एकमेकांना ढकलतात. असेलही. पण माझे पाय मागं कसे गेले, ते मला अजून कळलेलं नाही. आणि दुसरं त्याहून जास्त छळतं — मी मानत नाही ना, मग गावाचं नाव घ्यायला माझं काय जात होतं?

आजही रोज त्या काचेसमोरून जातो, अन् नाव ओठांवर येऊ देत नाही. आता बघा... एवढं सगळं लिहिलं, पण इथंही ते लिहिलं नाही.